मटण विकून उरलेल्या निम्म्या वजनाचे काय करायचे?

२५ किलोचा बोकड सोलून, पोट काढून हुकाला टांगला की मटण भरते साडेअकरा ते साडेबारा किलो. बाकीचे वजन कुठे गेले ते एकदा काट्यावर ठेवून पाहा. कातडे पावणेदोन ते दोन किलो. मुंडी दीड-पावणेदोन. चारी पाय मिळून सहाशे-सातशे ग्रॅम, रक्त जेमतेम एक लिटर, काळीज (यकृत) साडेचारशे ते पाचशे ग्रॅम, फुफ्फुस श्वासनलिकेसह तीन-साडेतीनशे. रिकामे करून धुतलेले पोट आणि आतडी दोन किलोच्या आसपास आणि पोटातला चोथा तीन-चार किलो. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून ग्राहक आणि विक्रेते समोरासमोर आले, तेव्हाही भांडण किलोच्या दराचेच होते. पण बोकडाला मोजलेले पैसे वसूल होतात की नाही, हे या दुसऱ्या निम्म्यावरही तितकेच अवलंबून असते.

कातड्याचा व्यापारी भाव पाडतो, ही तक्रार जुनी आहे. पुष्कळदा तो भाव व्यापारी येण्याआधीच सुरीच्या टोकाने आणि उशिरा लावलेल्या मिठाने पाडलेला असतो. पहिल्या दोन-तीन तासांत काय केले, यावरच सगळे ठरते. म्हणून खालची माहिती कामाच्या क्रमाने दिली आहे.

हा हिशेब शेळ्या-मेंढ्यांचा आहे. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही २०१५ पासून बंदी आहे. म्हशी-रेड्यांसाठी दाखला लागतो आणि ते काम परवान्याच्या कत्तलखान्यातच होते. म्हशीच्या कातड्याचा आणि शिंगांचा उल्लेख पुढे जरुरीपुरता येईल.

आदल्या रात्री

कापण्याआधी किमान १२ तास चारा बंद ठेवावा. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असावे. चारा बंद केला की कोथळा हलका होतो, पोट काढताना फुटण्याचा धोका कमी होतो आणि आतडी लवकर धुऊन निघतात. पाणी प्यायलेल्या जनावराचे कातडे मांसापासून सहज सुटते. तहानलेल्याचे चिकटून बसते, मग सुरी चालवावी लागते आणि कातड्याला चिरा पडतात. भरल्या पोटी कापण्यामागे वजन जास्त भरावे हा हेतू असेल, तर ते वजन फक्त चोथ्याचे असते.

मेंढीला लोकरीला धरून ओढू नये, बोकडाला काठी मारू नये. मार बसतो तिथे कातड्याखाली रक्त साकळते. ते मटणावरही दिसते आणि कमावलेल्या चामड्यावरही डाग होऊन उरते.

रक्त

मान कापताना अन्ननलिका कापली गेली, की पोटातले पाणी उलटून रक्तात मिसळते. खाण्यासाठी रक्त धरायचे असेल तर स्वच्छ पातेले आधीच तयार ठेवावे, मधली स्वच्छ धार तेवढी घ्यावी आणि चोथा मिसळलेला दिसला तर ते रक्त खतासाठी वेगळे काढावे. रक्त थांबल्यावर अन्ननलिका मोकळी करून तिला सुतळीची घट्ट गाठ मारावी. हे अर्ध्या मिनिटाचे काम पुढे मटण, काळीज आणि वजडी (पोट-आतडी) तिन्ही स्वच्छ ठेवते.

रक्तीसाठी, म्हणजे गोठवून शिजवलेल्या रक्तासाठी, चिमूटभर मीठ टाकलेल्या पातेल्यात रक्त धरून न हलवता ठेवावे. तीन ते पाच मिनिटांत ते गोठते. मग वड्या पाडून उकळत्या पाण्यात सोडाव्यात आणि आतपर्यंत करड्या-तपकिरी होईपर्यंत शिजवाव्यात. कच्चे रक्त फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. त्यात १७-१८ टक्के प्रथिने असतात, म्हणून ते जितके पौष्टिक तितकेच लवकर नासणारे. कोल्हापुरात रक्ती-मुंडीला गिऱ्हाईक आहे, तेव्हा मुंडीबरोबर रक्ती देणाऱ्या दुकानाला एवढे एकच भांडे जास्त धुवावे लागते.

जे विकले जात नाही ते गटारात जाऊ देऊ नये. रक्ताचा जैविक भार, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते तो आकडा, लिटरमागे दीड ते दोन लाख मिलिग्रॅम असतो. एक माणूस दिवसभरात सांडपाण्यात जेवढा भार टाकतो तो पन्नास ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका बोकडाचे लिटरभर रक्त तीन-चार माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढे. रोज दहा बोकड कापणाऱ्या दुकानाने रक्त मोरीत सोडले, तर एका दुकानातून तीस-चाळीस माणसांचा मैला पंचगंगेच्या वाटेला लागतो. तेच दहा लिटर रक्त शेतात गेले तर त्यात पावशेराहून जास्त, म्हणजे २८० ग्रॅमच्या आसपास नत्र असते, सहाशे ग्रॅम युरियाएवढे.

रक्त वाळवून रक्तचूर्णही करता येते. पसरट कढईत ढवळत ८५-९० अंशांपर्यंत तापवायचे, गुठळ्या झाल्या की गोणपाटात बांधून पाणी पिळून काढायचे, मग चुरून कडक उन्हात पातळ थर करून किंवा भट्टीवर वाळवायचे. १०० किलो रक्तातून १८ ते २० किलो चूर्ण निघते आणि त्यात १२-१३ टक्के नत्र असते. वाळवण अर्धवट राहिले की बुरशी धरते आणि वास सुटतो, म्हणून मुठीत दाबल्यावर गोळा होत नाही तोवर पोते भरू नये. हे चूर्ण पिकाला घालावे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या खाद्यात रक्ताचे किंवा हाडा-मांसाचे चूर्ण कधीही मिसळू नये. मेंदूचे असाध्य रोग त्या वाटेने पसरलेले आहेत. एका-दोन दुकानांनी चूर्ण करण्यात सरपणही सुटत नाही. चार-पाच जणांचे रक्त एकत्र येत असेल तरच हा खटाटोप करावा, नाहीतर रक्त सरळ खताच्या ढिगात घालावे.

कातडे: सोलण्यापासून मिठापर्यंत

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा तपशिलात.

सोलणे जनावर गरम असतानाच सुरू करावे. थंड झाले की कातडे धरून बसते. बोकड मागच्या पायांनी टांगावा. पहिली चीर गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, पोटाच्या बरोबर मधून, एका रेषेत. दुसरी पुढच्या पायांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूने छातीपर्यंत, तिसरी मागच्या पायांच्या घोट्यापासून गुदद्वारापर्यंत. चीर वाकडी गेली की एक बाजू आखूड होते आणि कमावणाऱ्याला चौकोनी तुकडा मिळत नाही. वजन तेवढेच असते, कामाचे क्षेत्र घटते आणि भाव क्षेत्रावर ठरतो.

पुढे सुरी खाली ठेवावी. डाव्या हाताने कातडे ताणून धरावे आणि उजव्या हाताची मूठ कातडे आणि मांसावरचा पातळ पडदा यांच्या मधे दाबत न्यावी. पडदा मांसावर राहिला पाहिजे. तो राहिला तर मटणही चकचकीत दिसते. सुरी लागते ती फक्त नळ्यांपाशी, शेपटीपाशी आणि मानेशी, तीही गोल टोकाची. टोकदार सुरीने घाई केली की दोन प्रकारचे नुकसान होते. आरपार भोक दिसते, त्याचे पैसे तिथेच कापले जातात. दुसरी, आतल्या बाजूने पडलेली अर्धी चीर, त्या वेळी नजरेत येत नाही. कमावताना कातडे ताणले की ती उघडते. असा माल एकदा गेला की पुढच्या वेळी व्यापारी त्या दुकानाचा सगळा गठ्ठा दोन नंबरात धरतो. भोक कडेला असेल तर थोडे चालून जाते, पाठीच्या मधोमध असेल तर कातडे जवळपास गेलेच.

कातडे सुटावे म्हणून काही जण पायाला भोक पाडून तोंडाने हवा भरतात. क्षयासारखे रोग मटणावर जाण्याची ती वाट आहे. हवा भरायचीच असेल तर स्वच्छ नळीचा पंप वापरावा.

उतरलेले कातडे ढिगात टाकू नये. गरम कातडी एकावर एक पडली की आतल्या आत तापतात आणि कोल्हापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात चार-सहा तासांत केस सुटू लागतात. सावलीत, फरशीवर, मांसाची बाजू वर करून पसरावे. चिकटलेले मांस आणि चरबी खरवडून काढावी, कारण चरबीच्या थराखाली मीठ पोहोचत नाही आणि तिथेच पहिल्यांदा कुजते. कान, खुरांचे तुकडे, शेपटीतले हाड काढून टाकावे. रक्त लागले असेल तर थंड पाण्याने धुऊन अर्धा तास निथळू द्यावे.

आता मीठ. कातड्याच्या वजनाच्या ४५ ते ५० टक्के, म्हणजे १.८ किलोच्या कातड्याला ८०० ते ९०० ग्रॅम. दाणा बाजरीएवढा हवा. अगदी बारीक मिठाची ढेकळे होतात आणि मधे जागा कोरड्या राहतात. खडे मोठे असतील तर ते कातड्याला नीट टेकत नाहीत. मीठ मांसाच्या बाजूला हाताने चोळायचे आणि मान, पायांच्या कडा, शेपटीचे मूळ या जाड किंवा घडी पडणाऱ्या जागांवर थोडे जास्त घालायचे. सगळे पहिल्या दोन-तीन तासांत उरकले पाहिजे. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर एकदम मीठ लावू, हा बेत उन्हाळ्यात कातड्यांचा जीव घेतो.

मग लाकडी फळ्यांच्या उतरत्या मांडणीवर, केस खाली आणि मांस वर असे एकावर एक रचावे. ढीग मीटरभरापेक्षा उंच नको, सगळ्यात वर मिठाचा एक हात द्यावा. सुटणारे खारे पाणी चर काढून टपात घ्यावे आणि पसरट भांड्यात उन्हात आटवावे. ते जमिनीत मुरले तर विहिरीचे पाणी बिघडते. दोन दिवसांनी कातडी झटकून पुन्हा १५ टक्के कोरडे मीठ लावावे, मांसाची बाजू आत घेऊन घडी घालावी. थंड, सावलीच्या खोलीत असा माल दोन-तीन महिने टिकतो.

झटकलेले मीठ पुन्हा वापरायचा मोह होतो. वापरू नये. खारात जगणारे जंतू त्यात तयार झालेले असतात आणि नव्या कातड्यावर त्यांचे तांबूस-गुलाबी डाग उठतात. मालाची खात्री करायला अंगठ्याने केस एका बाजूला रेटून पाहावे. केस मुळासकट सुटले तर कुजणे सुरू झाले आहे. मांसाच्या बाजूला बुळबुळीत लागले तरी तेच.

मीठ वाचवण्यासाठी कातडी उन्हात टाकणे हा खोटा किफायतीपणा आहे. ओले कातडे कडक उन्हात बाहेरून कवचासारखे वाळते आणि आत ओल अडकून कुजते. कडा तर शिजल्यासारख्या सरसाच्या होतात. वाळवायचेच तर सावलीत, वाऱ्यात, चौकटीवर ताणून.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: आपोआप मेलेले, नाका-गुदद्वारातून काळे न गोठणारे रक्त आलेले जनावर सोलू नये. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, ती माणसाला होते. पशुवैद्यकाला बोलवावे आणि जनावर न फाडता चुना टाकून खोल पुरावे.

कातडे कुणाला द्यायचे

मीठ लावलेली बहुतेक कातडी व्यापाऱ्यांमार्फत तमिळनाडूच्या आंबूर, वाणियंबाडी, राणीपेटकडच्या कारखान्यांना जातात. शेळीच्या कातड्याचा बाजार वर-खाली होत राहतो. म्हणून मिठात गुंतवण्याआधी दोन व्यापाऱ्यांना दोन भाव विचारावेत: ताज्याचा आणि मिठातल्याचा. फरकातून किलोभर मीठ, दहा मिनिटांची मजुरी आणि जागा वजा करावी. फरक तेवढाही नसेल तर रोजच्या रोज ताजे देणेच बरे. मात्र व्यापारी रोज येत नसेल तर मीठ हा विमा समजावा.

जवळचे गिऱ्हाईक म्हणजे चप्पल. कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या जाड चामड्याचा असतो, पण पट्ट्यावरची वेणी शेळीच्या पातळ, चिवट चामड्याचीच गुंफतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपल्याकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे कर्नाटकातले जिल्हे त्यात आहेत. ही चप्पल बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची. हिरडा आपल्या घाटमाथ्यावरच होतो. कमावण्याचा क्रम थोडक्यात असा: खारवलेले कातडे एक दिवस पाण्यात, दोन-तीन वेळा पाणी बदलून मीठ काढणे. कातड्याच्या वजनाच्या ८-१० टक्के चुना कालवलेल्या पाण्यात केस सुटेपर्यंत भिजवणे. केस आणि उरलेले मांस खरवडून चुना पूर्ण धुणे. मग आधी पातळ आणि नंतर दाट होत जाणारा सालीचा काढा. घाई करून पहिल्याच दिवशी दाट काढा दिला तर बाहेरचा थर मिटतो, आत काढा शिरत नाही आणि मधे कच्ची पांढरी रेघ राहते. कडेचा तुकडा कापून आरपार एकच रंग आहे का, ते पाहावे. दुकानदाराने हा व्याप करू नये. सुभाषनगर-जवाहरनगरच्या कारागिरांना कुठल्या मापाचे, कुठल्या जाडीचे कातडे लागते ते विचारून तसे वेगळे काढून ठेवले, तरी पुष्कळ झाले.

दुसरे गिऱ्हाईक वाद्यांचे. ढोलकी, तबला, हलगी यांना कमावलेले चामडे चालत नाही, कच्चे कातडेच लागते. शिवाय मीठ न लावलेले, कारण मीठ हवेतली ओल धरते आणि पावसाळ्यात वाद्य बसते. त्यासाठी ताजे कातडे त्याच दिवशी चुन्यात टाकून केस काढावेत, स्वच्छ धुवावे आणि चौकटीवर सगळीकडून सारखे ताणून सावलीत वाळवावे. गोचिडाचे व्रण, देवीचे डाग, अर्धी चीर यांतले काहीही चालत नाही, कारण ताण दिल्यावर कातडे तिथूनच फाटते. दहातली दोन-तीन कातडीच या कामाची निघतात. ती ओळखून बाजूला काढली तर साध्या कातड्यापेक्षा चांगली किंमत मागता येते.

मुंडी, पाय, वजडी

मुंडी भाजायला गॅसचा बर्नर किंवा कोळसा. टायर, रबर, प्लास्टिक जाळून मुंडी-पाय भाजू नयेत. त्या धुराचे विषारी अंश कातडीत बसतात आणि धुऊन जात नाहीत. केस जळले की लगेच सुरीने खरवडावे, थंड झाल्यावर काजळी चिकटते. पायांची खुरे उकळीच्या थोडे आधीच्या, ७५-८० अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून पिळली की टोपीसारखी निघतात.

वजडी बिघडते ती पाण्याच्या चुकीने. आधी कोथळा कोरडाच उलटा करून चोथा घमेल्यात झटकावा. पाणी त्यानंतर. नाहीतर घाण सगळ्या पडद्यांत शिरते आणि सांडपाणीही चौपट होते. पुढे ६५ अंशांच्या आसपास, बोट क्षणभरही टिकणार नाही अशा पाण्यात दोन मिनिटे बुडवून, खाण्याचा चुना चोळून काळा थर खरवडावा. पाणी उकळते असेल तर तो थर सुटण्याऐवजी शिजून घट्ट बसतो, मग कितीही घासा. चुना तीन पाण्यांनी धुवावा, अर्धवट राहिला तर शिजताना साबणासारखी चव येते. पांढरी स्वच्छ वजडी आणि काळपट वजडी यांच्या भावात जो फरक पडतो, तो याच दहा मिनिटांचा असतो.

काळजावरचे पित्त पिशवीसकट, काळजाचा पातळ पापुद्रा घेऊन कापावे. पिशवी फुटली तर हिरवा भाग लगेच कापून टाकावा, धुऊन कडूपणा जात नाही.

बारीक आतडी बोकडाची वीस-पंचवीस मीटर भरतात. परदेशी सॉसेजच्या आवरणासाठी आणि शस्त्रक्रियेच्या दोऱ्यासाठी मेंढीच्या आतड्याला मागणी असते. त्यासाठी कापल्यापासून तासाभरात आतडे चरबीच्या पडद्यापासून ओढून सुटे करायचे, बोटांच्या चिमटीत धरून रिकामे करायचे, आतला बुळबुळीत थर काढून फक्त चिवट नळी ठेवायची आणि वजनाच्या ४० टक्के बारीक मिठात खारवायची. आवरणाचा व्यवहार १०० यार्डांच्या जुडीत होतो, म्हणजे एका जुडीला चार-पाच जनावरे. रोज पन्नासेक जनावरांची आतडी एका जागी आली तर हे काम उभे राहते. एकट्या दुकानाने मागे लागू नये.

कुत्र्याला टाकायचे नाही

काळजात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो भाग विकू नये, आणि दाराशी बसलेल्या कुत्र्याला तर मुळीच टाकू नये. त्या फीतकृमीच्या गाठी असतात. कुत्र्याने कच्च्या खाल्ल्या की त्याच्या पोटात कृमी होतात, विष्ठेतून अंडी पडतात आणि ती चाऱ्यावरून मेंढ्यांत, हातावरून लेकरांत जातात. माणसाच्या काळजात लिंबापासून नारळाएवढी गाठ होते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढ्यांच्या मेंदूतली गाठ, जिच्याने मेंढी एकाच बाजूला गरगर फिरते, तीही अशीच कुत्र्याच्या मार्गाने येते, म्हणून मुंडीही कच्ची टाकू नये. असा माल अर्धा तास उकळावा किंवा कुत्री उकरणार नाहीत इतका खोल पुरावा.

चोथ्याचे खत

दहा बोकडांमागे तीस-पस्तीस किलो चोथा निघतो. ओला, जड, लवकर वास मारणारा. तो महापालिकेच्या कोंडाळ्यात टाकणे म्हणजे शेजाऱ्यांच्या शिव्या विकत घेणे. आणि जिल्हाभर उसाचे पाचट पेटवले जाते! या दोन्ही गोष्टी एकमेकांसाठीच आहेत. चोथा आणि रक्तात नत्र जास्त आणि ओल जास्त, पाचटात कर्ब जास्त आणि ओल नाही.

प्रमाण असे: ३० किलो चोथा, १० लिटर रक्त, २० किलो कोरडे पाचट. पाचट वीतभराहून लहान तुकड्यांत तोडलेले असावे. या मिश्रणात ओल साठ टक्क्यांच्या आसपास येते आणि कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ला १. वेगळे पाणी लागत नाही. रक्त नसेल तर पाचट १५ किलो पुरते.

खाली हातभर जाडीचा पाचटाचा थर. त्यावर वितीएवढे पाचट, चार बोटे चोथा, वरून रक्ताचा शिंपडा, असे थर. सगळ्यात वर वीतभर कोरडे पाचट, माशा आणि वास यांच्यासाठी. ढीग लांबी-रुंदी-उंचीने किमान मीटरभर झाला पाहिजे, नाहीतर ऊब धरत नाही. दहा बोकडांच्या दुकानाला एवढा ढीग जमायला सात-आठ दिवस लागतात. भोवती जाळी हवी, कुत्र्यांसाठी.

तीन-चार दिवसांत ढिगाच्या पोटात ५५ अंशांच्या वर ऊब येते. लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवत नाही, इतकी. ही ऊब किमान तीन दिवस राहिली म्हणजे तणाचे बी आणि जंतांची अंडी मरतात. कडेचा माल थंड राहतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी कडेचे आत आणि आतले बाहेर करून ढीग परतायचा. चार वेळा परतले की दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार.

नाकात झणका बसला तर रक्त जास्त झाले, पाचट घाला. कुजका आंबूस वास आला तर ढीग चिकचिकीत झाला आहे, लगेच परता आणि कोरडे मिसळा. तापतच नसेल तर ढीग लहान आहे किंवा सुकला आहे. मूठभर माल पिळल्यावर बोटांत एक-दोन थेंब दिसले पाहिजेत, धार नको. पावसाळ्यात वर पत्रा किंवा ताडपत्री नसेल तर हा सगळा खेळ पाण्यात जातो.

हाडे, शिंगे, चरबी

बोकडाची हाडे मटणाबरोबर तोललीच जातात. दुकानात उरतात ती थोडी. ती प्रेशर कुकरमध्ये तासभर शिजवून वाळवली की कुटता येतात आणि चुऱ्यात वीस-पंचवीस टक्के स्फुरद मिळते. हा चुरा कुठे घालायचा ते मात्र जमिनीवर ठरते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडच्या तांबड्या आंबट जमिनीत तो विरघळून पिकाला लागू पडतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. खुरे आणि शिंगांचा चुरा नत्राचा असतो, पण फार सावकाश सुटणारा, म्हणून फळझाडांना ठीक. म्हशीची मोठी शिंगे कंगवे-बटणांसाठी उत्तर प्रदेशात संभलकडे जातात, शेळीच्या शिंगाला तसा भाव नाही.

चरबी त्याच दिवशी वितळवावी, दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येतो आणि तो जात नाही. बारीक तुकडे, तितकेच पाणी, मंद आच, तरंगेल ते गाळून घ्यावे. पाणी न घालता वितळवली तर करपून तपकिरी होते. थंड झाल्यावर खालचे पाणी काढून वडी पुन्हा एकदा गरम करून उरलेली ओल उडवावी. साबण करणारे आणि चामड्याला वंगण देणारे घेतात. बिल न मागता, नाव न सांगता रोख पैसे देऊन चरबी उचलणाऱ्याला ती विकू नये. ती तुपात किंवा तेलात गेली तर लोकांच्या पोटात जाते.

जत्रेची तयारी

सर्वांत जास्त कातडी वाया जातात ती गावच्या जत्रांना, बकरी ईदला आणि आषाढात त्र्यंबोलीच्या जत्रेच्या दिवसांत. एका सकाळी शेकडो बकरी पडतात, सोलणारे हात नवखे असतात, व्यापारी दुसऱ्या दिवशी उगवतो आणि पावसाळी हवेत मीठ पाझरते. गावात १०० बकरी पडणार असतील तर जाड मिठाची ५० किलोची दोन पोती आदल्या दिवशी देवळाजवळ किंवा मदरशाजवळच्या छपरात, जमिनीपासून वर, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावीत. बरोबर १ किलो मापाचा एक डबा, फळ्या आणि ताडपत्री. मूठ मारून सोलणारे दोन जाणते खाटीक बोलवावेत. सकाळी साडेदहापर्यंत उतरलेले कातडे दुपारी एकच्या आत मिठात गेले पाहिजे. व्यापाऱ्याला आधी कळवून नगाचा भाव ठरवून घ्यावा, भोकाचे आणि बिनभोकाचे वेगवेगळे. त्यासाठी कातडी उतरतानाच दोन ढीग करावेत, नाहीतर शंभरच्या शंभर दोन नंबरात जातात.

दुकानदाराने रोजच्यासाठी एक वही घालावी. बोकडाचे जिवंत वजन, मटण, कातडे एक नंबर की दोन नंबर, मुंडी-पाय-वजडी-रक्ती यांचे आलेले पैसे, फेकलेला माल किलोत. फेकलेल्या मालाचा रकाना रोज भरावा, रिकामा सोडू नये. महिनाभराने तो रकाना बेरजून पाहिला, की पुढच्या महिन्यात आधी कशात हात घालायचा ते कळते.